शिवणीतली माया

असोळण्याच्या बाजारामागे एर्मेलिंदचं घर. तिचं शिवणयंत्र खिडकीशी मांडलेलं असे. आजूबाजूच्या गावांतल्या कितीतरी नवऱ्या तिच्या हातचा पांढरा गाऊन घालून चर्चची पायरी चढल्या. पण गाऊन शिवून दिला की तिचं काम संपलं, असं तिला कधी वाटलं नाही. लग्नाच्या दिवशी बिस्किटांचा जुना डबा काखोटीला मारून ती नवरीच्या घरी हजर होई. डब्यात सुया, टाचण्या, दोरा, डागावर घासायला पांढरा खडू आणि त्या गाऊनचं उरलेलं कापड.

शेवटच्या मापाला ती मुलीला नुसती उभी करत नसे. लग्नातलेच बूट घालायला लावी, खुर्चीवर बसवी, गुडघे टेकवी, हात वर करून नाचवी. कुणी लाजली तर म्हणे, "इथे फाटलं तर मी एकटी हसेन. तिथे फाटलं तर अख्खा गाव हसेल."

हे शहाणपण तिला फुकट मिळालं नव्हतं. तिच्या स्वतःच्या लग्नात, पहिल्याच नाचात, उसन्या गाऊनची पाठ उसवली होती. नवरा कायतान बँडमध्ये ट्रम्पेट वाजवणारा, मुलखाचा बडबड्या. पण त्या वेळी अवाक्षर न काढता त्याने आपला कोट तिच्या खांद्यांवर टाकला. उकाड्याने जीव जात होता, तरी ती संध्याकाळभर कोट मिरवत राहिली. वाटलं, प्रेम म्हणतात ते हेच. घरी आल्यावर खरं काय ते कळलं.

"मग सांगितलं का नाहीस?" ती रडवेली होऊन म्हणाली.

"सांगितलं असतं तर नाचली असतीस?" कायतान म्हणाला.

पुढे त्यांचा संसार चांगला झाला.

व्हेलानीच्या लग्नाची गोष्ट त्यानंतर पुष्कळ वर्षांनी घडली. व्हेलानी ही कोंसेसांवची एकुलती मुलगी. कोंसेसांव मनाने वाईट नव्हती, पण तोंडाने फटकळ. नवरा मुलगा जोव्हितो बोटीवर नोकरीला. साखरपुड्याला येऊन गेला, तो आता जानेवारीत लग्नासाठीच उतरला होता.

शेवटच्या मापालाच गाऊन कमरेत घट्ट लागला. एर्मेलिंद प्रत्येक शिवणीत भरपूर माया, म्हणजे आत दुमडलेलं जादा कापड, ठेवायची. ती सगळी तिने सोडली आणि विचारलं काहीच नाही. लग्नाच्या सकाळी मात्र पाठीची चेन निम्म्यावर येऊन अडली. व्हेलानीने श्वास रोखला, पोट आत ओढलं. चेन हलेना. चार बोटं पाठ उघडीच.

बाहेर गाडी उभी होती, बँड वाजायला लागला होता. कोंसेसांव आत डोकावली आणि कपाळाला हात लावून ओरडली, "देवा! हे काय शिवलंस गं, एर्मेलिंद? माझ्या पोरीला उघड्या पाठीने वेदीसमोर नेऊ?"

आरशात व्हेलानीचा चेहरा पांढराफटक पडला. आईच्या नकळत तिचा हात पोटावर गेला आणि चटकन खाली आला. एर्मेलिंदने तो पाहिला. मग ती कोंसेसांवकडे वळली.

"चूक माझी," ती म्हणाली. "कापतानाच माप चुकलं. म्हातारी झाले, दुसरं काय?"

"चूक? आजच्या दिवशी चूक?"

"शिव्या मग दे, एकही कमी देऊ नकोस. आता गाडीवरची सगळी फीत सोडून आण. आणि कायतानला म्हणावं, मी दार उघडेपर्यंत वाजवत राहा."

कोंसेसांव तोंडाचा पट्टा चालू ठेवूनच धावली. दार लावून एर्मेलिंदने चेन उसवून काढली. उरलेल्या साटीनची पट्टी पाठीवर आतून लावली. फितीचे छोटे फास करून दोन्ही कडांना टाचले आणि बुटाच्या नाड्या ओवाव्यात तशी लांब फीत त्यांतून ओवली. शिवताना व्हेलानी मुसमुसत होती.

"एर्मेलिंद तिया, तुला कळलंय ना?"

"मला एवढंच कळतं की हलू नकोस, सुई टोचेल. जोव्हितोला ठाऊक आहे?"

"हो. आनंदाने नाचलाच तो."

"मग रडतेस कशाला? डोळे पूस. आणि ही फीत जेवायला बसताना सैल करायची, कळलं?"

बाहेर कायतान एकच चाल पुनःपुन्हा वाजवून घामाघूम झाला होता. दार उघडलं तेव्हा व्हेलानीच्या पाठीवर पांढरी जाळी उमटली होती, कमरेवर मोठं फूल. अंगणातल्या बायका म्हणाल्या, "नवीन फॅशन दिसते गं!" व्हेलानी चर्चमध्ये गुडघ्यांवर बसली, रात्री नाचली, कुठे टाकाही सुटला नाही.

कोंसेसांवने मात्र बाजारभर सांगितलं, एर्मेलिंदची नजर गेली, माप चुकायला लागलं. त्या हंगामात दोन-तीन मुली गाऊन शिवून घ्यायला मडगावला गेल्या.

कायतान चिडला. "जाऊन खरं सांगून टाक ना!"

"खरं माझं नव्हे, त्या पोरीचं आहे," ती म्हणाली. "आणि पुढच्या महिन्यात दोन नवऱ्या येतायत. त्यांना व्हेलानीसारखी फितीची पाठ हवीय."

पावसाळ्यात व्हेलानीला मुलगा झाला. गावातल्या बायकांनी बोटांवर महिने मोजले, थोडं हसल्या आणि विसरल्या. ऑगस्टमध्ये एका सकाळी कोंसेसांव नातवाला कुशीत घेऊन दारात आली. दुसऱ्या हातात ताज्या उकडलेल्या पातोळ्यांचा टोप. बराच वेळ ती पाऊस, मासळी असलंच काहीबाही बोलत राहिली.

मग एकदम म्हणाली, "तुझं माप चुकलं नव्हतं."

एर्मेलिंदने सुईत दोरा ओवला. "कोण म्हणतं? मी स्वतःच सांगितलं होतं ना?"

"मी तेव्हा तुला नाही नाही ते बोलले. बाजारातसुद्धा."

"आता बाजारात परत एकदा जा. तेवढ्याच मोठ्या आवाजात बोल."

कोंसेसांव आधी ओशाळली, मग खदखदून हसली. "जाते बाई. पण आधी याच्या बाप्तिस्म्याचा अंगरखा. तूच शिवायचास."

"दे इकडे."

एर्मेलिंदने बाळाला मांडीवर घेऊन मापाची फीत त्याच्या छातीभोवती धरली. त्याने ती मुठीत पकडली आणि सोडेना. त्या ओढाताणीत सगळ्यांना हसू फुटलं होतं, तेवढ्यात कायतानने टोपावरचं झाकण काढलं. हळदीच्या पानांचा वास खोलीभर पसरला.