हिंग लावूनही विचारलं नाही

खोडआबा मुळी चावून झाड ओळखायचे. अंगणात कुदळीचा घाव बसला आणि मातीतून बोटाएवढी मुळी वर आली की ती धोतराला पुसायची, दाढेखाली धरायची, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा. "शेवगा. भिंतना पल्याडला शे." आम्ही भिंतीवरून वाकून बघायचो, तर शेजाऱ्यांचा शेवगा खरंच तिथे उभा असायचा. पिंप्राळ्याच्या आमच्या कॉलनीत त्यांचं खरं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. खोडं काढणारे म्हणून खोडआबा. खांद्यावर पहार, हातात कुदळ, कमरेला कोयता आणि काखेत गोणपाट घेऊन मेहरूणहून पायी यायचे. सायकलवर बसायला सांगितलं तर म्हणायचे, पहारीला सायकल आवडत नाही.

आमची त्यांची गाठ पडली ती सुबाभळीमुळे. त्या वर्षांत जो तो सुबाभूळ लावत सुटला होता. आमच्या प्लॉटवर आधीच्या मालकाने चार लावल्या होत्या. यांनी, म्हणजे आमच्या घरधन्यांनी, दोन माणसं लावून त्या जमिनीलगत कापून घेतल्या आणि छाती पुढे काढून आत आले. महिन्याभरात एकेका खोडाला दहा-दहा फुटवे. पुन्हा कापल्या, पुन्हा फुटल्या. यांचा स्वभाव हार मानायचा नाही, त्यामुळे हा खेळ वर्षभर चालला. शेवटी मी कुणाकडून तरी आबांना निरोप धाडला.

आबांनी खोडाला हातही लावला नाही. आधी शेजारी बसून चहा घेतला आणि मग मला म्हणाले, "येले मारू नको, माय. येले उपाशी ठेव." मग एकेका खोडाची साल सगळीकडून सोलली, भोवती चर खणला, एकेक मूळ उघडं करून तोडलं आणि आठ दिवस माझ्याशिवाय कुणी तिकडे फिरकायचं नाही म्हणून ताकीद दिली. मधे फुटवा आला तर विळा वापरायचा नाही, कोवळा असतानाच हाताने खुडायचा, हे काम माझ्याकडे दिलं. शेवटी खड्ड्यांत गोवऱ्या रचून वर माती लोटली. ती खोडं तीन दिवस आतल्या आत धुमसत राहिली. चौथ्या दिवशी तिथे राख होती. हे ऑफिसातून आले, खड्ड्यात डोकावले आणि हातपाय धुवायला गेले.

मी मूळची धुळ्याची. जळगावला सासर म्हणजे काही सातासमुद्रापार नव्हे, पण इकडची बोली निराळी, त्यातून सासरचे सगळे पुस्तकी बोलणारे. आबा होते धुळ्याकडच्या एका खेड्यातले. त्यांच्या तोंडचं "कसाले" आणि "इतलंच" ऐकलं की मला आमची गल्ली दिसायची. काम नसलं तरी मी त्यांना काहीबाही काढून बोलवायची. मागच्या भिंतीवरून मधुमालती कौलांवर चढली होती, तिचं निमित्त वर्षभर पुरलं. मी वेल धरून ओढायला गेले तेव्हा ते ओरडले, "वेल वढानी नही! खाले कापानी नि वाट देखानी. ती सोताच हात सोडस." ओढली असती तर दहा-बारा कौलं माझ्या डोक्यावर आली असती. बुंध्याशी कापलेली ती मधुमालती पंधरा दिवसांत वाळली आणि एका दुपारी सगळीच्या सगळी आपणहून खाली उतरली.

दुपारी ते आमच्याकडेच जेवायचे. भाकरी, एखादी भाजी, आणि वरण मात्र हवंच. माझ्या वरणाला हिंगाची फोडणी जरा सढळ असते, आईची सवय. पहिल्या घासाला आबा मान डोलवायचे. "बठ्ठा जळगावमा असं वरण नही, माय." यांना तो वास उग्र वाटायचा. आबांनी कौतुक केल्यापासून मी आणखी चिमूटभर जास्त टाकू लागले.

आबांचा एक नेम होता आणि तो साऱ्या कॉलनीला माहीत होता. "जित्ता झाडले मी हात लावस नही. मरेल खोड नि माजेल वेल, इतलंच मन्हं काम." पलीकडच्या गल्लीतल्या एका गृहस्थांनी त्यांना भरलेलं जांभळाचं झाड पाडायला बोलावलं होतं. आबांनी झाडाकडे पाहिलं, गृहस्थांकडे पाहिलं, पहार उचलली आणि पुढ्यातला चहा तसाच ठेवून निघून आले. पुढे ते जांभूळ आपोआप वाळलं. आबा त्या वाटेने जाताना थुंकले. मी विचारलं तेव्हा म्हणाले, कुणीतरी हिंग भरला. गिरमिटाने बुंध्यात तिरपं भोक पाडायचं, आत हिंग ठासायचा, वर शेणमातीचा बोळा बसवायचा. झाड वरून हिरवं दिसतं आणि आतून जातं. "हिंग भरनारा मानूस पाठमांगून वार करस," ते म्हणाले. कृती त्यांनी फार बारकाईने सांगितली होती. ते तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

आता आमच्या कडुनिंबाबद्दल सांगायला हवं. घरापुढे डाव्या हाताला तो होता, प्लॉट घेतला तेव्हापासूनचा. वडील गेले त्या वर्षी भावांनी धुळ्याचं घर विकलं. आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, आली. आमच्या खानदेशात आखाजीला लेक माहेरी नसेल तर माहेर मेलं असं समजतात. त्या दिवशी मी ओट्यावर बसून कैऱ्या चिरत होते आणि कैऱ्यांपेक्षा माझंच पाणी जास्त गळत होतं. आबा फाटकातून आले, क्षणभर उभे राहिले आणि आले तसे परत गेले. तासाभराने आले ते चऱ्हाट घेऊन. बरोबर त्यांची म्हातारी, तिच्या डोक्यावर खापरावरचे मांडे बांधलेलं फडकं. निंबाच्या आडव्या फांदीला त्यांनी झोका बांधला, स्वतः दोनदा लोंबकळून पाहिला आणि झोक्याकडे बोट दाखवून मला म्हणाले, "रडस कसाले? तुन्हं माहेर आते आठेच शे."

त्यानंतर सहा आखाज्या तो झोका बांधला गेला. कॉलनीतल्या बायका यायच्या, गाणी व्हायची. मधे एकदा म्हातारी फार आजारी पडली, तेव्हा यांनी तिला स्कूटरवर बसवून दवाखान्यात नेलं होतं. मला त्याचा केवढा अभिमान वाटला होता! आपल्या नवऱ्याने आपल्या माहेरच्या माणसांचं केलं असं वाटलं.

मग यांना पुढची खोली वाढवायची हुक्की आली. निंब नेमका मधे. मी म्हटलं, मागे वाढवा. मागे प्रकाश नाही म्हणाले. मी म्हटलं, मग वाढवूच नका. हा वाद दोन वर्षं चालला, जेवताना, पाहुण्यांसमोर, लग्नाला जाताना रिक्षात. एके दिवशी हे एकदम गप्प झाले. खोलीचं नाव काढेनात. मला वाटलं, माझं ऐकलं. मी मूर्खासारखी त्या आठवड्यात यांच्या आवडीचं दोनदा केलं.

त्या श्रावणात हेच म्हणाले, जा, ताईकडे चार दिवस जाऊन ये, मुक्ताईचं दर्शन घे. माझी नणंद तेव्हाच्या एदलाबादला, म्हणजे आताच्या मुक्ताईनगरला असायची. मला कुठे जा म्हणून सांगणारा माणूस हा नव्हे, पण मी आनंदाने गेले. परत आले तर निंबावर चढलेली गुळवेल साफ उतरवलेली, बुंध्याशी माती सारखी केलेली. "आबा आले होते," हे म्हणाले. मला बरंच वाटलं. गुळवेल फार माजली होती.

दसऱ्यापर्यंत निंबाचा शेंडा पिवळा पडला. मी घाबरले आणि कुणाला बोलावलं, तर आबांनाच. त्यांनी एक काडी मोडली, चावली, थुंकली. "वय व्हयनं त्यानं," म्हणाले. माझ्याकडे न बघता म्हणाले. उपाय विचारला तर म्हणाले, पाणी घाल. मी पाणी घातलं, ताक घातलं, राख घातली, कुणी सांगितलं म्हणून गुळाचं पाणीही घातलं. आबा दोन-तीनदा येऊन गेले, पण जेवायला थांबले नाहीत. फाल्गुनात साऱ्या जळगावातले निंब कोवळे लाल होतात, तेव्हा आमचा उघडा उभा होता. लाकूडवाले आले आणि अर्ध्या दिवसात त्यांनी तो उतरवला.

खोड काढायला आबा आले. चार दिवस खणत होते. एरवी खणताना तोंड चालू असायचं, त्या चार दिवसांत कुदळीशिवाय काही ऐकू आलं नाही. चौथ्या दिवशी खोड आडवं झालं. मी नेहमीसारखी खड्ड्याच्या कडेला बसले होते. जमिनीखाली वीतभर, गुळवेल जिथून वर चढायची तिथेच, खोडातून शेणमातीचा एक वाळका बोळा सुटून माझ्या पायाशी पडला. मी तो उचलला. मागच्या भोकात पिवळट चिकट काहीतरी होतं. रोज फोडणी करणाऱ्या बाईला तो वास कुणी सांगावा लागत नाही.

मी बोळा हातात धरून आबांकडे पाहिलं. त्यांनी पहार खाली ठेवली.

"भाऊनी सांगं, माय," ते म्हणाले. यांना ते भाऊ म्हणायचे. "म्हातारी आजारी पडनी तवय भाऊनी तिले स्कूटरवर दवाखानामा पोचाडी. त्यास्ले कसा नही म्हनू?"

"तुम्ही तर म्हणायचात, जित्या झाडाला हात लावत नाही."

आबांनी खड्ड्यात पाहिलं. अगदी हळू म्हणाले, "हात नही लावा मी, माय. हिंग लावा."

एखाद्याची कुणाला पर्वा नसली की आपण म्हणतो, त्याला कुणी हिंग लावूनही विचारत नाही. माझ्या बाबतीत हिंग लावून झाला होता, विचारायचं तेवढं राहून गेलं होतं. नवऱ्याने फसवलं याचं मला रडू आलं नाही. नवरा आणि झाड यांचं जमत नव्हतं हे मला ठाऊक होतं. पण ज्याने झोका बांधला त्यानेच त्या बुंध्याला भोक पाडावं, आणि मी ताकाची चरवी घेऊन धावत असताना शेजारी उभं राहून बघावं! मी बोळा त्यांच्या पुढ्यात ठेवला आणि आत गेले. संध्याकाळपर्यंत त्यांनी खड्डा बुजवला, जमीन चोपून सारखी केली. इतकं नीट काम त्यांनी आमच्याकडे कधी केलं नव्हतं.

त्या आखाजीला ते आले. चऱ्हाट नव्हतं, नुसते मांडे होते, म्हातारीने दिलेले. फाटकातच उभे राहिले. सणाच्या दिवशी दारातून माणूस उपाशी घालवायला मला कुणी शिकवलेलं नाही. मी पाट मांडला, ताट वाढलं. त्यांनी वरणात भाकरी कुस्करली, पहिला घास घेतला आणि थांबले.

"हिंग नही टाका का, माय?"

"संपला," मी म्हटलं.

माझ्या मागे फडताळात हिंगाची डबी होती, आणि ती त्यांना बसल्या जागेवरून दिसत होती. त्यांनी ताटातलं सगळं संपवलं, कण न कण. मग उठून ताट स्वतः घासलं, पालथं घातलं, आणि गेले. पुन्हा कधी आले नाहीत, मीही निरोप धाडला नाही. तीन-चार वर्षांनी ते गेल्याचं कळलं. मेहरूण काही लांब नव्हे, रिक्षाने पाव तास. मी गेले नाही. म्हातारीला भेटायलासुद्धा गेले नाही, हे मात्र माझं चुकलं. आबांचा राग अजून गेलेला नाही आणि त्यांची आठवण आल्याशिवाय कुठलं खोड अजून माझ्याने निघत नाही. अंगणात नको ते उगवलं की मी साल सोलते, चर खणते, कोवळा फुटवा हाताने खुडते. परवा एक मुळी चावूनही पाहिली. कडू होती. कशाची ते सांगता आलं नाही.

खोली झाली. तिच्यात प्रकाश चांगला येतो, हे तिथेच बसून पेपर वाचतात. त्यांच्याशी मी त्या दिवशी भांडले नाही आणि नंतरही नाही. वेल ओढायची नसते, खाली कापायची, एवढं मी आबांकडून शिकले होते. फडताळातली ती डबी मी आखाजीच्या दुसऱ्या दिवशी उकिरड्यावर टाकली आणि नवी आणली नाही.

तेव्हापासून आमच्याकडे वरणाला हिंग नसतो, कढीला नसतो, कशालाच नसतो. पाहुणे विचारतात, सुना विचारतात, शेजारणी तर हमखास विचारतात. यांनी आजवर एकदाही विचारलेलं नाही.