गव्हाणीतली सुपारी

आईने अमेरिकेत पाऊल ठेवल्या ठेवल्या पहिलं फर्मान काढलं ते क्रिबचं. बाळ घरात आल्याशिवाय पाळणा मांडायचा नाही, म्हणजे नाही. मला नववा लागलेला, पाय सुजलेले, रेडमंडचा पाऊस थांबायला तयार नाही आणि माझं डोकं तर मुळातच तापट. मी विचारलं, हॉस्पिटलमधून आणल्यावर मग बाळ काय हवेत झोपणार? ती शांतपणे म्हणाली, माझ्या मांडीवर झोपेल, तूही तिथेच झोपायचीस.

तिचं चुकत होतं असंही नाही. दोन वर्षांपूर्वी आम्ही दोघं उत्साहात वाहून गेलो होतो. पाचवा लागताच क्रिब आणला, नवऱ्याने एका शनिवारी तो असेंबल केला आणि खिडकीशी ठेवला. सहाव्या महिन्यात सगळं संपलं. हॉस्पिटलमधून घरी आले तेव्हा चादर घातलेला तो क्रिब तसाच उभा होता. मी तो हलवू देईना आणि त्याच्याकडे बघवतही नव्हतं. शेवटी मी ऑफिसला गेले असताना नवऱ्याने तो सुटा करून गराजमध्ये टाकला. आईला तेव्हा व्हिसा मिळाला नव्हता. तिने हे सगळं फोनवर ऐकलं, तेही माझ्या रडण्यातून जेवढं कळेल तेवढंच.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, हे मला कळत होतं. पण मला क्रिब हवा होता. तो गराजमध्ये आहे म्हणजे यंदाही तसंच होणार असं आईने मनात धरलंय, असं मला वाटायचं. त्यावरून आमची रोज जुंपायची. नवरा बिचारा दोघींच्या मध्ये सापडून चहा करत बसायचा.

अशात ख्रिसमस आला. माझी ऑफिसातली मैत्रीण दरवर्षी आदल्या संध्याकाळी आम्हाला जेवायला बोलवायची. आमच्यासारखी घरापासून लांब असलेली ऑफिसातली आणखी चार मंडळी असायची. मैत्रीण माझ्यापेक्षा वयाने बरीच मोठी, तिची मुलं शिकायला बाहेरगावी. दोन वर्षांपूर्वी त्या रात्री हॉस्पिटलमध्ये माझा हात धरून हीच बसली होती. आईला हे माहीत होतं, त्यामुळे तिच्याकडे जायचं म्हणताच आईने ठेवणीतली साडी काढली, वर माझा जाड कोट चढवला आणि नारळाच्या वड्यांचा डबा घेऊन निघाली.

घरात झाडाचा आणि दालचिनीचा वास. मैत्रिणीने आईसाठी बिनअंड्याचं, बिनमांसाचं काय काय करून वेगळं मांडून ठेवलेलं. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी वड्यांवरून त्यांचं मिनिटभर छान जमलं. मग आई घर बघत फिरली आणि फायरप्लेसजवळच्या टेबलापाशी थबकली. तिथे येशूच्या जन्माचा देखावा म्हणून लाकडी गोठा मांडला होता. मैत्रिणीच्या वडिलांनी तो हाताने कोरलेला. गाय, गाढव, मेंढ्या, वाकून बघणारे आईबाप. आणि मधल्या गव्हाणीत नुसता पेंढा. बाळ नाहीच.

आईचा चेहरा उतरलेला मी पाहिला. थकली असेल, जेटलॅग अजून गेला नसेल, असं वाटून मी गप्पांत रमले.

जेवणं झाली. गोड वाढायच्या आधी मैत्रिणीने चमचा ग्लासवर वाजवला आणि सगळ्यांना गोठ्यापाशी बोलावलं. त्यांच्या घरची पद्धत अशी, की बाळ आदल्या दिवशी जेवणानंतरच जन्माला येतं. तोवर ते तिच्या ॲप्रनच्या खिशात. तिने खिशातून बोटाएवढं लाकडी बाळ काढलं, गव्हाणीकडे वळली आणि थांबली. गव्हाण रिकामी नव्हती. पेपर नॅपकिनच्या तुकड्यात नीट गुंडाळलेलं काहीतरी त्या पेंढ्यावर झोपलं होतं.

तिच्या नवऱ्याला तो अक्रोड वाटला. मी मात्र लांबूनच ओळखलं. जेवणानंतर कातरायला आईच्या बटव्यात अख्ख्या सुपाऱ्या असतात, त्यातली ती. आमच्याकडे पूजेत सुपारीचा गणपती मांडतात. म्हणजे माझ्या मातोश्रींनी येशूच्या गव्हाणीत गणपती झोपवला होता! मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मी दात ओठ खात आईला मराठीत विचारलं, हे काय करून ठेवलंस?

आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "रिकामा पाळणा असा डोळ्यांसमोर ठेवू नये. तुझ्या तर नाहीच नाही."

माझा सगळा राग क्षणात गळून पडला. हिने अख्खी संध्याकाळ ते दोन वाकलेले आईबाप बघितले होते, मधली रिकामी जागा बघितली होती, आणि परक्या घरात, भाषा येत नसताना, तिच्याजवळ जे होतं ते तिने तिथे ठेवलं होतं. मला रडू आलं. तसंच रडत मी मैत्रिणीला इंग्रजीत सांगितलं. फार सांगावं लागलं नाही. खिडकीजवळचा क्रिब तिनेही पाहिला होता.

तिने सुपारीला हात लावला नाही. लाकडी बाळ माझ्या तळहातावर ठेवून म्हणाली, "घरातल्या सगळ्यात लहान माणसाने हे ठेवायचं असतं. ते माणूस आज तुझ्या पोटात आहे. पण तुझ्या आईने इथली सोय केली आहे. हे तू घरी ने, तुमच्या पाळण्यात ठेव. तुमचं आलं की मला परत दे."

तिच्या वडिलांच्या हातचं बाळ. मी नको नको म्हणत राहिले. मी आईला समजावून सांगितलं, तशी आईने ते माझ्या हातातून घेतलं, पदरात धरलं, आणि घरी पोचेपर्यंत गाडीत तसंच धरून ठेवलं.

ख्रिसमसच्या सकाळी मी उठले तर नवरा गराजमधून क्रिबच्या कठड्याच्या बाजू वर आणत होता. जावईबापू, स्क्रू घट्ट करा, म्हणून आई त्याच्या डोक्यावर उभी होती. बाहेर पाऊस, रस्ता सामसूम, आणि आमच्या घरात ठाकठोक. क्रिब उभा राहिला तशी आईने चादर घातली आणि मधोमध ते लाकडी बाळ निजवलं. एवढ्या मोठ्या पाळण्यात ते जेमतेम दिसत होतं. मी त्या दिवशी कितीदा तरी त्या खोलीत जाऊन आले. दोन वर्षांत पहिल्यांदा मला त्या खिडकीशी उभं राहावंसं वाटलं.

जानेवारीत मुलगी झाली. आम्ही तिला घरी आणलं तेव्हा मैत्रीण सूपचं पातेलं घेऊन आधीच येऊन बसली होती. आईने दारात पोळीचा तुकडा ओवाळून टाकला. मी क्रिबपाशी गेले आणि लाकडी बाळ उचलायला वाकले, तर आईने माझा हात धरला.

"आधी हिला ठेव," ती म्हणाली, "मग त्याला उचल."

मी मुलीला ठेवलं. क्षणभर दोन्ही बाळं शेजारी शेजारी होती. मग आईने ते लाकडी बाळ उचललं, पदराने पुसलं आणि मैत्रिणीच्या हातात दिलं. मैत्रिणीने खिशातून नॅपकिनमधली सुपारी काढून पुढे केली. आईने तिची मूठ मिटवली आणि मला म्हणाली, तिला सांग, तिच्याकडेच राहू दे, अजून एक नातवंड व्हायचंय. शेवटचं तेवढं मी इंग्रजीत सांगितलं नाही.