नव्याण्णव कुणाच्या भरवशावर?

येडशीच्या दवाखान्यात नर्स म्हणून रुजू झाले तेव्हा गावात ख्रिस्ती म्हणून मी एकटीच होते. राहायला एका काकूंची भाड्याची खोली. काकूंच्या दहा-बारा शेळ्या होत्या आणि बोलणं चार माणसांइतकं. रविवारी मी सोलापूरला चर्चला जायचे. शेजाऱ्यांना येशूबद्दल सांगा, असं तिथले पाळक म्हणायचे. मी मान डोलवायचे, पण सुरुवात कशी करायची ते कळायचं नाही.

एका संध्याकाळी काकूंची गाभण शेळी परतलीच नाही. काठी घेऊन त्या रामलिंगाच्या देवळाकडच्या रानात निघाल्या, तशी मीही ड्यूटीवरून आलेली तशीच मागं गेले. हाका मारून घसा बसला. शेवटी मी उभी राहिले, डोळे मिटले आणि मोठ्यानं म्हणाले, "प्रभू, काकूंची शेळी सापडू दे."

डोळे उघडले तर काकू माझ्याकडं बघत होत्या. "तुमच्या देवाला मराठी येतंय व्हय? मला वाटलं, इंग्लिशमधी बोलावं लागतंय."

शेळी सापडली, बोरीच्या काट्यात अडकलेली. सोडवताना दोघींचे हात ओरबाडले. दम खात बसलो तेव्हा काकूंनी विचारलं, "शेळी माझी. तुम्ही कशापायी काट्यात शिरलात?"

तेव्हा मी त्यांना येशूनं सांगितलेली गोष्ट सांगितली. शंभरातलं एक मेंढरू हरवलं, मेंढपाळ नव्याण्णव रानात सोडून त्याला शोधायला गेला आणि खांद्यावर घेऊन आला. देव आपल्यालाही तसाच शोधतो.

"अन् नव्याण्णव कुणाच्या भरवशावर सोडली?"

"ठाऊक नाही काकू. पण गेला खरा."

"लई जीव असंल त्याचा," असं म्हणता म्हणता काकू ताडकन उठल्या. "अगं बया! चुलीवर दूध ठिवून आले की!"

घरी पोचलो तर पातेलं काळंकुट्ट. काकू हसून हसून उंबऱ्यावरच बसल्या. "बघा, नव्याण्णवाचं असं हुतंय!"

पुढं एकदा दवाखान्याच्या बाकावर काकू बायकांना तीच गोष्ट सांगताना दिसल्या. त्यांचा मेंढपाळ मात्र जाण्याआधी शेजारणीला राखणीला बसवून गेला होता. मी औषधांचा ट्रे घेऊन ऐकत तिथंच थांबले.

"कोण व्हता गं ह्यो मेंढपाळ?" एकीनं विचारलं.

"ह्यांचा येशू सांगायचा ही गोष्ट. ह्यांनाच इचारा की." काकूंनी माझ्याकडं बोट केलं.

मी हातातला ट्रे बाजूला ठेवला. बायकांनी सरकून जागा दिली.