धुक्यातली जोडी

आज नातीच्या स्केटच्या चाकांना तेल दिलं आणि त्या वासानं नवा रायपूरचा एक रिकामा रस्ता आठवला. नवी राजधानी तेव्हा नुसती रुंद रस्त्यांचीच होती. माझी लेक बर्फावरच्या जोडीनाचाच्या स्पर्धेची तयारी करत होती. आपल्याकडे बर्फ कुठला, म्हणून सराव चाकांवर, डांबरावर. तिचा जोडीदार महिन्यापूर्वी तापानं गेला होता. मी म्हटलं, "दुसरा पोट्टा पाह्य ना जोडीले, नाहीतर तुयं नाव कटते." ती म्हणाली, "पहले उसके साथ ये नाच पूरा करूँगी, मम्मी." पहाटेच्या धुक्यात ती निघाली, एक हात कुणीतरी धरल्यासारखा पुढे. दिसेनाशी झाली आणि चाकांचा आवाज आला, एकीचा नव्हे, दोघांचा. भुतांना हसणारी मी शूर बाई! पोट्टीला बाहेर सोडून गाडीच्या मागच्या सीटवर शिरले, काचा चढवल्या, थर्मास छातीशी धरून रामरक्षा सुरू केली, तीही मधूनच. मग काचेवर टकटक झाली. "खोलो ना, हो गया पूरा." ती घामाघूम होऊन हसत होती, तो पुढे धरलेला हात मात्र बर्फासारखा गार लागला. मी सरकले आणि दोघांपुरती जागा केली. अजूनही धुकं पडलं की गाडीत मी सरकूनच बसते. नातीला सांगते, कंबर दुखते माझी.