टाकलेली पानं

गफ्फार टेलर गिऱ्हाइकाचं माप दोनदा घ्यायचा. टेपवरही त्याचा भरवसा नव्हता. चहा आला की आधी दूधवाल्याला शिव्या, मग घोट. अख्ख्या भद्रावतीत ज्याच्यावर त्याचा संशय नाही असा एकच माणूस होता, पत्रू. एटापल्लीकडच्या जंगलातल्या गावातून आलेला पत्रू चौदा वर्षं त्याच्या दुकानात काज-बटण करत होता आणि दुकानाची किल्ली त्याच्याच कमरेला असायची. गफ्फारची बायको रशिदा म्हणायची, "तुमचा निकाह गलत माणसासंगं झाला."

पत्त्यांत मात्र हा संशयी स्वभाव कामाला यायचा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गावातल्या मंडळाची तीनपत्तीची स्पर्धा असे. पैशाचं नाव नाही. प्रत्येकाला साठ चिंचोके, संपले की उठायचं, शेवटी उरेल त्याला प्रेशर कुकर. प्रत्येक डावाआधी सगळ्यांनी अर्धी चाल मधे टाकायची. चाल बांधलेली. ठरल्यापेक्षा एक चिंचोका जास्त लावता यायचा नाही, आणि दर अर्ध्या तासानं चाल दुप्पट व्हायची. दुकानात इस्त्रीचे कोळसे पेटेपर्यंतच्या वेळात गफ्फारनं पत्रूला हा खेळ शिकवला होता.

"बांधल्या चालीत धमकी चालत नाई, पत्रू. समोरचा म्हणते, एका चालीचाच त सवाल आहे, पाहून घेऊ. म्हणून खोटं खेळूच नको. खराब पानं आली, टाक. चांगली आली, सोडू नको. अन् मराले टेकलेल्याले खराब पानांवर आपले चिंचोके जेवू घालू नको. चाल वाढली का तो आपोआप मरते."

अठ्ठ्याण्णवच्या स्पर्धेत चार वाजेस्तोवर तिघंच उरले. गफ्फार, पत्रू आणि खाणीवर मजूर पुरवणारा मुकादम सोमाजी. सोमाजीपुढं फक्त तेरा चिंचोके होते आणि चाल झाली होती आठची. सगळ्यांनी त्याला जवळजवळ उठवलंच होतं.

पण सोमाजीनं चाल दिली आणि पत्रूनं पानं टाकली. दुसऱ्या डावात तेच, तिसऱ्यातही तेच. तेराचे सदतीस झाले. गफ्फारनंही तिन्ही वेळा पानं टाकली होती, पण स्वतःवर कोण संशय घेतो? त्याच्या डोक्यात सकाळचं चित्र फिरायला लागलं. पानठेल्यामागं पत्रू आणि सोमाजी हळू आवाजात बोलत होते आणि त्याला पाहताच गप्प झाले होते. पत्रूचा पोरगा अतुल दहावी होऊन घरी बसला होता. सोमाजीच्या हातात कामं होती. झालं, गफ्फारच्या मनात सगळा सदरा शिवून तयार झाला.

चौथ्या डावात पत्रूनं पुन्हा पानं टाकली, आणि गफ्फारचा हात त्या पालथ्या पानांवर पडला.

टाकलेली पानं तिथं कुणी उलटत नसे. उलटणं म्हणजे समोरच्याला चोर म्हणणं, एवढी साधी गोष्ट होती ती.

"गफ्फारभाऊ, ठेवा," पत्रू म्हणाला.

"काऊन? भेव लागून राह्यलं का?"

"भेव नाई. उलटवाल त उलटवा. पण मंग ते उलटलंच."

गफ्फारनं उलटवली. चौकटची दुर्री, किलवरची पंजी, बदामची नव्वी. या पानांवर वेडासुद्धा चाल देणार नाही.

"याच्यावर जेवू घालू नको, तुमीच त सांगितलं होतं," पत्रू म्हणाला.

गफ्फारचे कान तापले. तिथंच माफी मागायची, तर तो आणखी खोल गेला. "मंग सकाळी याच्यासंगं काय खुसुरफुसुर चालू होती?"

पत्रूनं उलटलेली पानं गोळा करून गड्डीत सरकवली. "सकाळीच विचारलं असतं त सांगितलं असतं. आता नाई सांगत."

सोमाजी आपले चिंचोके मोजत राहिला. तासाभरात कुकर गफ्फारनंच जिंकला.

दुसऱ्या दिवशी पत्रू वेळेवर कामाला आला. काजं तशीच नीट, बोलणंही तसंच. तो आज सोडून जाईल, उद्या जाईल, म्हणून गफ्फार दिवाळीपर्यंत त्याच्यावर नजर ठेवून होता. पत्रू कुठं गेला नाही. अतुलही सोमाजीकडं कामाला लागला नाही. गफ्फारला लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा जास्त छळत होतं ते पानठेल्यामागचं बोलणं.

थंडीत एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. गफ्फारनंच पत्ते काढले. पहिल्याच डावात पत्रूला खराब पानं आली. त्यानं ती पालथी टाकली नाहीत. एकेक करून, चेहरा वर ठेवून, गफ्फारपुढं मांडली.

"हे काऊन?"

"पाहून घ्या, भाऊ."

आवाजात राग नव्हता. पुढं नऊ वर्षं, गावी परत जाईपर्यंत, पत्रू बाकी कुणाशीही खेळताना पानं पालथी टाकायचा. फक्त गफ्फारपुढं उघडी टाकायचा.