दोन बोटांनी आवळलेली स्कूटर

ज्याने राईएवढे स्क्रू चिमट्याने बसवण्यात तीस वर्षं घालवली, त्याला स्कूटरचं काय अवघड, असं आमच्या घड्याळवाल्यांना वाटायचं. मेकॅनिकचा हात त्यांनी आपल्या गाडीला कधी लागू दिला नाही. सुटीच्या दिवशी दारात जुनी चादर पसरायची, डोळ्याला भिंग लावायचं आणि एकेक भाग ओळीने मांडत गाडी खोलायची. परत जोडल्यावर एक वॉशर उरेल तर शपथ!

तरीही वस्तू गळायच्या. आधी आरसा पडला. त्यांनी नट बदलला. मग नंबरप्लेट कुठे गेली ते कळलंच नाही. त्यांनी रस्त्याला दोष दिला. दर वेळी डोकं खाजवत सगळं पुन्हा खोलायचे, पुसायचे, भिंगाखाली धरायचे. चूक काही सापडेना.

आणि एका वळणावर मागे बसलेल्या बायकोच्या पायाखालची फूटरेस्ट निखळली. त्यांचा खांदा पकडून ती कशीबशी सावरली, पण घरी येताच तिने कानाला खडा लावला.

"उद्यापासून मी बसने जाणार."

"अगं, पण माझं काय चुकलं ते तरी सांग!"

"मला काय माहीत? तुमची गाडी, तुम्ही शोधा."

बावीस वर्षं ती त्यांच्या मागे बसून कामावर गेली होती. रुग्णालयाच्या धुलाईखान्यात दिवसभर उभं राहून ओल्या चादरी पिळायच्या. त्यात आता बसमध्येही उभंच. संध्याकाळी ती गुडघे चोळत बसली की घड्याळवाल्यांना भयंकर अपराधी वाटायचं. गुन्हा कबूल होता, फक्त कोणता ते समजत नव्हतं.

पुढच्या सुटीला त्यांनी फूटरेस्ट बसवली. बायको चादर उचलायला आली आणि सहज तिने नटाला हात लावला. नट फिरला.

"हा आवळलाय?"

"आवळलाय की!"

"अहो, तुम्ही दोन बोटांनी आवळता."

घड्याळवाले बोटांकडे बघतच राहिले. जरा अडलं की थांबायचं, त्यापुढे गेलं तर स्क्रू मोडतो, हेच ती बोटं शिकलेली. तोवर बायकोने पाना लावून अंगाचा भार टाकला.

"अगं, तुटेल!" त्यांनी डोळे मिटले.

तुटलं नाही. मग तिने गाडीचे बाकीचे नट एकेक करून आवळायला घेतले. एकोणीस होते आणि एकोणीसच्या एकोणीस फिरले. इतके दिवस त्यांनी प्रत्येक नट तपासला होता, बोटं तेवढी तपासली नव्हती. शेवटचा नट त्यांनी स्वतः आवळून बघितला. अडलं तिथे हात आपोआप थांबला. मनाने पुढे ढकललं, तरी बोटं ऐकेनात.

"राहू द्या," ती म्हणाली. "तुम्ही बसवा, मी आवळते."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा मागे बसली. खड्डा आला, गतिरोधक आला, पण कुठे खडखड नाही की किरकिर नाही. नुसत्या आवाजावरून घड्याळाचं दुखणं ओळखणाऱ्या माणसाला या शांततेचा अर्थच लागेना. असं कसं काही वाजत नाही? नक्की काहीतरी पडलं असणार. गाडी कडेला घेऊन ते गर्रकन मागे वळले.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"काही नाही. तू आहेस ना, ते बघितलं."

त्यांच्या खांद्यावर तिने हात ठेवला. "आहे. चला, उशीर होतोय."