साडेचारचं मत

आमच्या सासूबाई, धुरपदाबाई, बायकांना पायांवरून ओळखत. आमच्या मेहरूणमध्ये ही थट्टेची गोष्ट नव्हती, यावर निवडणुका चालत. नगरपालिकेच्या काळात आमच्या भागातल्या सुना मतदानाला यायच्या त्या हनुवटीपर्यंत पदर ओढून. पदर वर करा म्हणायची केंद्रात बसलेल्या पुरुषांची टाप नव्हती. म्हणून प्रत्येक उमेदवार आपल्या बाजूनं एक बाई बसवायचा. ती यादी मांडीवर घेऊन बसे आणि समोरची बाई खरी की खोटी ते सांगे. जोडव्यांची झीज, टाचेची भेग, उंबऱ्यावरून आधी पडणारा पाय, एवढ्यावर सासूबाई नाव सांगत. त्या "आमचीच शे", म्हणजे आमचीच आहे, असं म्हणाल्या की अधिकारी मुकाट्यानं बोटाला शाई लावायचा.

मी लग्न होऊन आले तोवर महानगरपालिका झाली होती. मग वॉर्डांचे प्रभाग झाले, यादीत फोटो आले, पदरही मागे सरकले. तरी निवडणूक लागली की आमच्या ओट्यावर चपलांचा ढीग पडायचा आणि सासूबाई पाटलिणीसारख्या मधोमध बसायच्या. मला त्यांचा तो तोरा अजिबात आवडायचा नाही. पहिल्याच दिवशी माझे पाय बघून म्हणाल्या होत्या, "ही पोर घाईनी शे, इना हातमा कपबशी टिकाव नही." पुढे सहाच्या सहा फुटल्या, ते सोडा.

दोन गोष्टी मात्र मला कळत नसत. दिवसभर दुसऱ्यांची मतं मोजणारी ही बाई स्वतः कधीच मत देत नसे. विचारलं तर म्हणे, शाईनं खाज सुटते. आणि साडेचार वाजले की त्या केंद्रातून उठायच्या, बाहेर येऊन रांगेशी मान खाली घालून उभ्या राहायच्या. पाचाशिवाय काही आत जायच्या नाहीत.

तिसरी गोष्ट होती अभिमन. नरडाण्याजवळच्या एका खेड्यातला हा माणूस दरवर्षी मार्गशीर्षात एका ठरावीक दिवशी यायचा. मेहरूणच्या तलावाच्या काठावर बसायचा आणि मग आमच्या ओट्यावर पाणी प्यायला यायचा. त्याची बहीण ज्योती आमच्या शेजारच्या घरात दिलेली होती. नगरपालिकेच्या एका निवडणुकीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती तलावात सापडली. मी यायच्या आधीची ही गोष्ट. पेला खाली ठेवून तो दरवर्षी एकच विचारायचा, "मावशी, साडेचारले ज्योती कसी व्हती?"

"बरी व्हती," सासूबाई म्हणायच्या. तेवढ्यावर तो हलायचा नाही. मग त्या काही ना काही घालायच्या. एका वर्षी तिनं हिरवं लुगडं नेसलेलं असायचं, एका वर्षी ती मत देऊन जरा दारात थांबलेली असायची. हे ऐकून तो मान हलवायचा आणि रडायचा. कारण ज्योतीनं आदल्या रात्री धाडलेला निरोप त्या दिवशी सकाळी त्याला मिळाला होता की मला न्यायला या. एसटी बसा निवडणुकीच्या कामाला लागलेल्या, म्हणून तो रेल्वेनं निघाला. अमळनेरला पाणी प्यायला उतरला आणि गाडी सुटली. मेहरूणला पोचला तेव्हा सव्वापाच झाले होते. बहीण साडेचारला जिवंत होती, म्हणजे पाऊण तासानं आपण तिला घालवली, असा त्याचा हिशेब होता.

गेली दोन वर्षं तो आला नाही. आणि यंदा, साडेसात वर्षांनी, पुन्हा निवडणूक लागली. बोलवायला आलेल्या पोरांना सासूबाईंनी दारातूनच परत पाठवलं. मी मेथी निवडत होते. त्या माझ्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, "मेघा, साडेचारले आलेली बाई ज्योती नव्हती."

मी हातातली जुडी खाली ठेवली.

ज्योतीच्या नावाची चिठ्ठी घेऊन आलेल्या बाईचे पाय जाड होते, टाचा फुटलेल्या. ज्योतीचे पाय बारीक, डाव्या अंगठ्यावर भाजल्याचा डाग. पदराआड ज्योतीची मोठी जाऊ पुष्पाबाई होती, हे सासूबाईंना ती उंबऱ्यात असतानाच कळलं. विरोधी बाजूची बाई तेव्हा चहा पीत होती. ज्योती रुसून कुठंतरी बसली असेल, मत कशाला वाया घालवा, असं वाटलं. त्या काळी याला कोणी पाप म्हणत नसे, कामाची बाई म्हणून उलट कौतुक व्हायचं. त्या म्हणाल्या, "आमचीच शे." उमेदवार नऊ मतांनी निवडून आला.

दुसऱ्या दिवशी हवालदारानं विचारलं. खोटं मत कबूल केलं तर खडी फोडायला जाऊ, निवडणूकही जाईल, या भीतीनं त्यांनी जबाब दिला की साडेचारला ज्योतीला मी डोळ्यांनी पाहिलं. ज्योतीचा नवरा जितेंद्र सकाळी घरी होता, पण दुपारी बारापासून रात्रीपर्यंत पन्नास माणसांसमोर चिठ्ठ्यांच्या टेबलावर होता. म्हणून त्याच्याकडे कोणी बोट दाखवलं नाही; मतदान करून आली आणि पाय घसरून पडली, असं लिहून प्रकरण मिटलं. संध्याकाळी प्रेत घरी आणलं. सवाष्ण गेलेली, म्हणून हळदकुंकू लावून हिरवा चुडा भरायला सासूबाईंनाच बोलावलं. डाव्या हातात बांगडी चढवताना तर्जनी समोर आली. तिच्यावर शाईचा ठिपकासुद्धा नव्हता. त्यांनी तो हात लुगड्याखाली सरकवला.

"तवापासून ती रांगेत राहस," त्या म्हणाल्या. "साडेचारले. मी वर देखत नही, पन पाय दिसतस. रांग सरकस, तिना नंबर येतच नही."

मला भीती वाटली आणि त्याहून जास्त राग आला. अभिमनला मी स्वतः वीस वेळा पाणी दिलं होतं. दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी त्या पिशवी घेऊन दारात उभ्या होत्या. "अभिमनले सांगनं शे," म्हणाल्या. "तू चाल संगे."

आम्ही रेल्वेनं निघालो. अमळनेरला गाडी थांबली तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले आणि गाडी सुटेपर्यंत माझं मनगट सोडलं नाही. नरडाण्याहून रिक्षा केली. ज्योतीची आई ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. नव्वदीला आलेली, पण नजर साफ. सासूबाईंना तिनं लगेच ओळखलं.

"अक्का, अभिमन कोठे शे?" सासूबाईंनी विचारलं.

"तो गया ना माय. दोन साल व्हयनात. दारूमा गया." तिनं आम्हाला बसायला गोणपाट सरकवलं. "मरेपर्यंत एकच बोलनं. अमळनेरले मी उतरतू नही ते बहीन वाचती." मग तिनं सासूबाईंच्या गुडघ्यावर हात ठेवला. "तू तिले शेवटले देखी. माले बी सांग ना, कसी व्हती मनी पोर?"

खरं सांगते, त्या क्षणी मलाच वाटलं की बरी होती म्हणावं आणि चहा पिऊन निघावं. म्हातारीच्या पदरात आता काय टाकायचं? मी सासूबाईंच्या पाठीला हात लावला. त्यांनी तो झटकला.

"अक्का, मी तिले देखीच नही. साडेचारले दुसरी बाई आयेल व्हती. मी खोटं सांगं." आणि त्यांनी सगळं सांगितलं, पुष्पाबाईचं, जबाबाचं, कोऱ्या बोटाचं. मग मलाही न सांगितलेलं एक सांगितलं. त्या दिवशी सकाळी साडेसहाला त्या केंद्रावर निघाल्या होत्या तेव्हा तलावाच्या काठावर त्यांना ज्योतीच्या चपला दिसल्या होत्या. धुणं घेऊन आली असेल म्हणून त्या तशाच पुढे गेल्या. दुपारी तिला मतदानाला आणायला गेल्या तेव्हा घरात ती नव्हती, आणि दाराशी चपलाही नव्हत्या.

म्हातारीचे हात शेंगांवर चालूच होते.

"म्हंजे अभिमननी गाडी चुकती नही, तरी बी?"

"तरी बी, अक्का. तो घरून निंघना तवाच ती नव्हती."

तिनं फोडलेले दाणे सुपात टाकले, टरफलं बाजूला लोटली आणि पहिल्यांदा सासूबाईंच्या तोंडाकडे नीट पाहिलं.

"मंग हाई त्याले सांगाले पाहिजे व्हतं," ती म्हणाली. "माले सांगीसन काय व्हनार?"